ठेंगण्या घोड्याचे प्रवेशपत्र

खानापूर तालुक्यातून गोव्याकडे उतरणाऱ्या घाटवाटांनी पूर्वी दोन तऱ्हेचे घोडे चालत. एक समुद्रावरून वर येणारा. अरबस्तान आणि इराण येथून गलबतांतून आलेला हा उंच, नाजूक पायांचा घोडा गोव्याच्या बंदरात उतरे आणि सह्याद्री चढून दख्खनच्या दरबारी जाई. त्याच्या मोलाची कल्पना एका तहावरून येते. १५१० साली गोवा घेतल्यावर पोर्तुगीजांनी घोड्यांची गलबते आपल्याच बंदरात यावीत असा बंदोबस्त केला, आणि १५४७ साली विजयनगरशी जो करार केला त्यात गोव्याचे घोडे विजयनगरास मिळावेत, विजापूरकरांस मिळू नयेत, हे मुख्य कलम होते. त्या वेळी बेळगावचा किल्ला विजापूरचा सरदार असदखान लारी याच्या हाती होता. म्हणजे घोडे उतरत ते शेजारच्या बंदरात, आणि अडत ते त्याच्याच दाराशी!

दुसरा घोडा घरचाच. अंगाने ठेंगणा, मानेने आखूड, खुराने कणखर. त्याच्यासाठी कोणी तह केला नाही. पाठीवर मिठाची किंवा धान्याची गोणी घेऊन तो बैलांच्या तांड्याबरोबर चाले, आणि प्रसंगी त्याच पाठीवर खोगीर चढवून फौजेतही जाई. यालाच आपण तट्टू म्हणतो. घोड्यांच्या परीक्षेचा, त्यांच्या नोंदीचा आणि प्रदर्शनातील प्रवेशाचा इतिहास पाहू गेल्यास तो बव्हंशी उंच घोड्याचा इतिहास आहे. परंतु त्या इतिहासाचे खरे मर्म कळते ते या ठेंगण्या घोड्याकडे पाहिल्यावर. दारावर जी मोजपट्टी लावावी तसा प्राणी घडतो, किंवा नाहीसा होतो.

मोजण्याची ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या कर्तव्यांना स्वतंत्र प्रकरण दिले आहे. प्रत्येक घोड्याचे कुल, वय, वर्ण, अंगावरील चिन्हे, वर्ग आणि तो आला कोठून, हे सर्व लिहून ठेवावे असा तेथे दंडक आहे. आजच्या कोणत्याही प्रदर्शनाचा प्रवेशअर्ज घ्या, रकाने हेच! उत्तम घोड्याचे तोंड बत्तीस अंगुळे, लांबी त्याच्या पाचपट, नडगी वीस अंगुळे आणि उंची नडगीच्या चौपट, असे प्रमाण कौटिल्य देतो. अंगुळ पाऊण इंचाचे धरले तर ही ऐंशी अंगुळांची उंची साठ इंच भरते. मध्यम आणि कनिष्ठ घोड्यांची मापे त्याहून कमी सांगितली आहेत. यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कनिष्ठ ठरलेला घोडा या व्यवस्थेत दाराबाहेर जात नाही; तो खालच्या वर्गात बसतो, आणि त्याला त्याच्या मापाचा दाणा मिळतो.

पुढे सुलतानी आणि मोगल अमदानीत घोड्याच्या परीक्षेला निराळेच वळण लागले. तेथे प्रश्न घोडा चांगला की वाईट, एवढाच नव्हता. तो खरा की खोटा, हा होता. सरदाराने पगार घ्यायचा हजार स्वारांचा आणि ठाणबंद करायचे चारशे, हा रोग जुनाच. अल्लाउद्दीन खिलजीने त्यावर घोड्यास डाग देण्याचा उपाय योजला आणि अकबराने १५७३-७४ च्या सुमारास तो पुन्हा कडकपणे सुरू केला. घोड्याच्या अंगावर तापल्या लोखंडाची खूण, आणि कागदावर स्वार व घोडा या दोघांचे वर्णन. या वर्णनाच्या कागदावरूनच 'चेहरेपट्टी' हा शब्द आपल्याकडे रुळला. आज आपण नवऱ्या मुलीच्या चेहरेपट्टीची तारीफ करतो. तिचे मूळ स्वार आणि घोड्याच्या दप्तरात आहे हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. अकबराच्या दप्तरात अरबी, इराणी, तुर्की अशी घोड्यांची सात प्रतींची वर्गवारी होती. 'आईन-इ-अकबरी'त उत्तरेच्या डोंगरातील लहान पण बळकट 'गुट' घोड्याचा आणि कूचबिहारकडील 'टांघण'चा उल्लेख येतो तो या सात प्रतींच्या बाहेर, जाता जाता.

डागाची आणि चेहरेपट्टीची एवढी यातायात करूनही गणतीच्या दिवशी शेजाऱ्याचे घोडे मागून आणणारे सरदार संपले नाहीत. मराठीतील 'भाडोत्री तट्टू' हा शब्द ऐकताना त्या गणत्यांची आठवण व्हावी, हे साहजिक आहे.

मराठ्यांच्या फौजेत घोडा कोणाचा, यावरून स्वाराची जात ठरे. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. १६९७ साली लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, आणि दर पंचविसांमागे एक पखालजी व एक नालबंद. स्वारीवर जाताना आणि स्वारीहून येताना झडती होई. या सबंध व्यवस्थेचा भर घोड्याच्या उंचीवर नाही. तो दाणा, वैरण, नाल आणि हिशेब यांवर आहे. पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद नेमणाऱ्या राज्यकर्त्याला घोड्याचे मर्म कळले होते. डोंगरी मुलखात घोड्याचा खूर आधी मोडतो, पाठ मागाहून.

पेशवाईत खासगी पागा, शिलेदार, एकांडे आणि पेंढारी असे घोडदळाचे चार वर्ग झाले. यांतल्या शिलेदाराचा घोडा म्हणजे त्याचे शेत, त्याचे भांडवल आणि त्याची अब्रू. तो घोडा बहुधा भीमा-नीरेच्या काठचा. अरबी रक्ताचा त्यात अंश आहे असे परंपरेने मानतात. पण त्याचा खरा गुण म्हणजे मिळेल ते खाणे आणि सांगितले तितके चालणे. १७५८ साली मराठ्यांच्या फौजा अटकेपर्यंत पोचल्या, त्यांतील पुष्कळांच्या मांडीखाली हेच जनावर होते. राजा बढे यांचे जे गीत महाराष्ट्र शासनाने २०२३ साली राज्यगीत म्हणून स्वीकारले, त्यात भीमथडीच्या तट्टांना मान मिळाला आहे तो उगीच नव्हे.

याच सीमाभागात उंच आणि ठेंगणा असे दोन्ही घोडे एकाच मोहिमेत दिसले ते १८०० साली. धोंडिया वाघाच्या पारिपत्यासाठी वेलस्लीच्या हाताखालील इंग्रजी ड्रॅगून पलटणी आणि मराठ्यांची पथके या मुलखात वावरत होती. ३० जून रोजी कित्तूरनजीक धोंडोपंत गोखले धोंडियाशी लढताना पडले; १० सप्टेंबरला कोणगल येथे धोंडिया स्वतः मारला गेला. पुढे १८०३ साली वेलस्ली पुण्याकडे निघाला तेव्हा निपाणीचे सिदोजीराव नाईक-निंबाळकर, म्हणजेच अप्पा देसाई, आपल्या स्वारांसह त्याच्याबरोबर गेले. तोवर तट्टाला रणांगणावर स्थान होते. पंधरा वर्षांनी पेशवाई संपली आणि ते स्थानही गेले.

कारण नव्या राज्यकर्त्यांच्या दारावर दुसरी मोजपट्टी होती. इंग्रज घोड्याची उंची 'हँड'मध्ये मोजतात. एक हँड म्हणजे चार इंच. चौदा हँड आणि दोन इंच हे ते '१४.२' असे लिहितात, आणि नवखा मनुष्य त्याला दशांश समजून फसतो! हे माप म्हणजे अठ्ठावन्न इंच. फौजेच्या घोड्यासाठी साधारण अठ्ठावन्न-साठ इंच ही किमान अपेक्षा झाली आणि तट्टू त्या दारातून आत जाईना. त्याची जागा ऑस्ट्रेलियातून येणाऱ्या 'वेलर' घोड्यांनी घेतली. शिलेदारी पद्धत हिंदी घोडदळात पहिल्या महायुद्धाच्या अखेरपर्यंत टिकली, 'शिलेदार' हा शब्दही इंग्रजीत गेला. पण शिलेदाराचे तट्टू मागेच राहिले. १८८८ साली लोंढ्याकडून कॅसलरॉकमार्गे मार्मागोव्यापर्यंत आगगाडी धावू लागली, तेव्हा खानापूरच्या घाटातले ओझ्याचे कामही त्याच्या हातून जाऊ लागले.

आता याच्या उलट प्रकार पाहण्याजोगा आहे. पोलोचा खेळ इंग्रजांनी उचलला तो मणिपुरातून. १८५९ साली सिल्चर येथे त्यांचा पहिला क्लब निघाला. मणिपुरी घोडा सुमारे चव्वेचाळीस ते बावन्न इंचांचा, म्हणजे आपल्या तट्टाचाच भाऊबंद. खेळ विलायतेत गेल्यावर उंच घोड्यांनी तो बिघडवू नये म्हणून कमाल उंचीची अट घातली गेली. १८७६ साली लंडनच्या हर्लिंगम क्लबाने छप्पन्न इंच ठरविले. पुढे ते अठ्ठावन्न झाले. आणि १९१९ साली अटच काढून टाकली. अट होती तोवर तिला बगल देण्याच्या युक्त्याही होत्या. खूर तासून बारीक करणे ही सर्वांत साधी. काही मालक तर घोड्याच्या खांद्यावर काठी टेकवून त्याला टोचत, म्हणजे मोजणीच्या दिवशी पट्टी लागताच बिचारा आपोआप अंग चोरी. दप्तरी बाबूला फसविण्याची कला माणसाने आत्मसात केली यात नवल नाही. त्याने ती घोड्यासही शिकविली! अट गेल्यावर मात्र ज्याच्या पाठीवर हा खेळ जन्मला त्या मणिपुरी घोड्याला जगाच्या मैदानात जागा उरली नाही. इंफाळच्या मैदानावर तो आजही खेळतो, पण त्याची संख्या चिंता वाटावी इतकी घटली आहे.

कमाल उंचीच्या अटीचे टोक गाठले ते अमेरिकेतील 'मिनिएचर' घोड्यांच्या प्रदर्शनांनी. या चिमुकल्या घोड्याच्या पूर्वजांत स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांचा तट्टू आहे. १८४२ साली ब्रिटनमध्ये कायद्याने स्त्रिया आणि दहा वर्षांखालील मुले यांना कोळशाच्या खाणीत उतरविण्यास बंदी झाली, आणि बोगद्यात मावेल अशा ठेंगण्या जनावराला मागणी आली. पुढे १८९० साली शेटलंडची वंशनोंदवही सुरू झाली; तिची मर्यादा बेचाळीस इंच. अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशन १९७८ साली स्थापन झाली. तिने आपली सीमा चौतीस इंचांवर आणली. वर्षाच्या आतील शिंगरू तीस इंचांवर जाता कामा नये, मग वयागणिक एकदोन इंचांची सूट, आणि पूर्ण वाढ झाल्यावरच कायमची नोंद. वंशावळीचा दाखला हवा, रक्त तपासलेले हवे, आणि मैदानात पाऊल टाकण्यापूर्वी सपाट जमिनीवर पुन्हा मोजणी. मोजायचे तेही इतर घोड्यांप्रमाणे खांद्याच्या उंचवट्यावर नव्हे, तर आयाळीचा शेवटचा केस जेथे उगवतो तेथे. सबंध वर्षाची मेहनत अक्षरशः एका केसावर!

या नियमांतील सर्वांत विचार करण्याजोगे कलम निराळेच आहे. उंची कमी हाच गुण ठरला, तेव्हा पैदास करणारे लहानाहून लहान घोडे शोधू लागले, आणि त्यातून मोठ्या डोक्याची, वाकड्या पायांची, दुखणाईत शिंगरे जन्मास येऊ लागली. तेव्हा संघटनेला लिहावे लागले की खुजेपणाचा रोग दिसल्यास जनावर बाद. घोडा लहान असावा, पण घोडाच असावा! ज्या पट्टीने हे प्राणी निर्माण केले तिलाच अखेर मागे खेचावे लागले. फौजेच्या किमान उंचीने आपले तट्टू दाराबाहेर काढले. प्रदर्शनाच्या कमाल उंचीने दुसरीकडे घोड्याचे खेळणे केले. दोन्हीकडे पट्टी एकच, फक्त ती उलटी धरलेली.

महाराष्ट्रात घोड्यांची परीक्षा अद्याप बव्हंशी यात्रांतच होते. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्यास, आणि मार्गशीर्षातच नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत. तेथे जाणकार आधी दात पाहतो, मग भोवरे. गळ्याखाली देवमण आहे काय, चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी आहे काय, यांवर भाव चढतो. चाल त्यानंतर. शास्त्राच्या दृष्टीने भोवऱ्याचा आणि पळण्याचा काही संबंध नाही. पण कौटिल्याच्या 'चिन्हां'चा रकाना अशा रीतीने बाजारात जिवंत राहिला आहे. एक नवा रकाना मात्र अत्यंत अवश्यक होता. २००६ साली महाराष्ट्रात घोड्यांमध्ये ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाने डोके वर काढले. हा रोग माणसालाही होतो, आणि बाधित जनावर मारावेच लागते. तेव्हापासून घोड्याचे रक्त तपासून तो निरोगी असल्याचा दाखला, हा प्रवेशाचा सर्वांत महत्त्वाचा कागद होऊन बसला. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने ही तपासणी देशभर रुजविली. उंचीची अट चुकली तर बक्षीस जाते. या दाखल्यात लबाडी केली तर अख्खी पागा जाते.

आणि आपल्या तट्टाचे काय झाले? बाजारात त्याला भाव नव्हता, प्रदर्शनात वर्ग नव्हता, लष्करात जागा नव्हती. तरी ते टिकले, कारण मेंढपाळ धनगरांना त्याचा उपयोग होता. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांतील कळपांमागून ते निमूटपणे चालत राहिले. अखेर शास्त्रज्ञांनी या घोड्यांची मापे घेतली, रक्ताचे नमुने पारखले, आणि २०२३-२४ साली कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने 'भीमथडी' या नावाने त्याची देशातील घोड्यांची आठवी जात म्हणून नोंद केली. काठियावाडी आणि मारवाडी यांच्याच वहीत, त्यांच्याहून चार बोटे ठेंगणा असूनही, त्याला स्वतःचे पान मिळाले. त्या पानावर त्याची उंची हे केवळ त्याचे वर्णन आहे. ती उणीवही नाही आणि शर्यतही नाही.

दिवाळीनंतर धनगरांचे वाडे हलू लागतात तेव्हा तांड्याच्या पुढे अजूनही ही घोडी दिसतात. पाठीवर वाघुरी, भांडीकुंडी, एखादी डालीतली कोंबडी, नुकतेच जन्मलेले कोकरू. आणि वर बसलेले मूल.