कड्यावर पाय लटपटतात, तेव्हा काय करायचं? प्रस्तरारोहणासाठी मनाची तयारी कशी करावी, वाचा सविस्तर

जुन्नर : पावसाळा सरला, दिवाळी झाली, की तालुक्यातल्या सुळक्यांवर दोर लागायला सुरुवात होते. जीवधनशेजारचा वानरलिंगी सुळका, ज्याला काही जण खडा पारशी म्हणतात, तो तर गिर्यारोहकांचा जुना आवडता. घाटघर, नाणेघाट परिसरातली पोरंही आता नुसती वाट दाखवत नाहीत. हार्नेस बांधून ती स्वतः चढायला लागली आहेत. कुणी पर्यटक कड्यात अडकला, तर पहिली हाक गावातल्या पोरांनाच येते.

दोर, बोल्ट, गाठी यांचं शिक्षण शिबिरात मिळतं. पण मन कसं तयार करायचं, हे फारसं कुणी शिकवत नाही. हात-पाय दणकट असलेला गडीसुद्धा शंभर फुटांवर जाऊन गोठतो, आणि नेमकी तिथेच चूक होते. म्हणून ही माहिती.

भीती वाटते म्हणजे नेमकं काय होतं?

उंचीवर गेल्यावर मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. छातीत धडधड होते, श्वास वर-वर चालतो, तोंड कोरडं पडतं. पाय तर शिलाई मशीनसारखे थरथरायला लागतात. आपण घाबरून पकड गरजेपेक्षा दुप्पट घट्ट धरतो. मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू आवळून राहिले की त्यांत रक्त नीट खेळत नाही, हात दगडासारखे होतात आणि बोटं सुटतात. म्हणजे ताकद कमी पडली असं वाटतं, पण खरं तर ती भीतीनं खाल्लेली असते.

भीती वाटणं हा कमीपणा नाही. ती पूर्ण घालवायचीही नाही. ती काय सांगते आहे, ते ऐकायला शिकायचं.

धोका की नुसती भीती?

थांबून स्वतःला विचारा, 'आत्ता हात सुटला तर काय होईल?' वरून दोर आहे, बिले देणारा जागा आहे, खाली आपटण्यासारखा टप्पा नाही, तर ही नुसती भीती आहे. पुढे जायला हरकत नाही. पण शेवटचा बोल्ट बराच खाली राहिलाय, पकडीचा दगड हलतोय, बाजूला आग्या मोहोळ आहे, तर हा खरा धोका आहे. तिथे मन खंबीर करून भागत नाही. तिथे माघारच घ्यायची. आपला सह्याद्री बेसाल्टचा. ठिकठिकाणी दगड सुटा, वर घसारा आणि वाळलेलं गवत. त्यामुळे हा प्रश्न इथे जरा जास्तच वेळा विचारावा लागतो.

रोज करण्यासारखे चार सराव

१) श्वास : चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्या, सहा आकडे मोजत सोडा. बाहेर सोडणारा श्वास लांबला की धडधड हळूहळू उतरते. रोज पाच मिनिटं घरी करा. शेतात, एसटीत, कुठेही जमतं. सवय असेल तरच कड्यावर आठवतं.

२) डोळे मिटून चढाई : चढाईच्या आधी खाली उभं राहून कातळ वाचा. डावा हात कुठे, पाय कुठल्या खोबणीत, विसावा कुठे घ्यायचा, दोर कुठे अडकवायचा. मग डोळे मिटून तीच चढाई मनात करा. चेक प्रजासत्ताकाचा अॅडम ओंड्रा याने २०१७ मध्ये नॉर्वेत 'सायलेन्स' हा जगातल्या सर्वांत अवघड मार्गांपैकी एक पूर्ण केला. त्याआधी तो जमिनीवर पडून, डोळे मिटून एकेक हालचाल मनात घोकायचा.

३) एकच शब्द : 'पडेन, पडेन' असं मन बडबडायला लागलं, की त्याला दुसरं काम द्या. 'पाय बघ' किंवा 'पुढची पकड' असा एकच छोटा शब्द ठरवून ठेवा. पूर्ण सुळका नाही, फक्त पुढचा हातभर कातळ बघायचा.

४) पडण्याचा सराव : दोर आपल्याला धरतो, हे बुद्धीला पटतं, अंगाला पटत नाही. त्यासाठी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, आधी वरून दोर लावून, थोड्या उंचीवर मुद्दाम हात सोडायचा. हा सराव कृत्रिम भिंतीवर किंवा तपासलेल्या पक्क्या बोल्टवरच करावा. जुन्या, गंजलेल्या पिटॉनवर तर चुकूनही नको.

माघार हीसुद्धा तयारीच

अमेरिकेच्या अॅलेक्स होनॉल्डचं नाव बऱ्याच पोरांना माहीत असतं. ३ जून २०१७ रोजी त्याने एल कॅपिटन हा सुमारे ३,००० फुटांचा कडा दोराशिवाय ३ तास ५६ मिनिटांत चढला. व्हिडिओ बघून पोरांना वाटतं, याला भीतीच नाही. पण त्याने तोच मार्ग आधी दोर लावून कितीतरी वेळा घोटला होता. आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये पहिला प्रयत्न सुरू केल्यावर मन साथ देईना, म्हणून तो अर्ध्यातून परतला होता. घ्यायचं असेल तर त्याचं हे परतणं घ्या. दोराशिवाय चढणं नको.

परत फिरायचं कधी, हे खालीच ठरवा. 'दुपारी दोनपर्यंत माथा नाही, तर उतरायचं' असं आधीच बोलून ठेवलं की वर वाद होत नाहीत. आणि 'दादा, मला आज जमत नाहीये' असं म्हणणाऱ्याची टिंगल करू नका. टिंगलीच्या धाकानं वर गेलेला माणूस सगळ्या दोराला भारी पडतो.

निघण्याआधी जोडीनं तपासा

हार्नेसचं बक्कल, दोराची गाठ, बिलेचं साधन, कॅरॅबिनरचं लॉक. आपलं दुसऱ्याने बघायचं, दुसऱ्याचं आपण. यात जीव तर वाचतोच, शिवाय मनातली अर्धी शंका जमिनीवरच राहते.

अपघात पाहिला असेल तर

पडलेल्याला, आणि त्याला वर काढणाऱ्या पोरांनाही, नंतर त्रास होऊ शकतो. झोप लागत नाही, तेच दृश्य डोळ्यांसमोर येतं, दोर हातात घ्यावासा वाटत नाही. 'गडी माणसानं काय घाबरायचं' म्हणून गिळू नका. सोबत्यांशी बोला. काही आठवड्यांतही उतार पडला नाही, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. शासनाच्या टेलि-मानस हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

कडा कुठे पळून जात नाही. आज उतरलात, तर पुढच्या रविवारी परत जाता येतं.