फळे पिकणे
पूर्ण वाढलेल्या फळाचा रंग, गर, गोडी व गंध बदलण्याची क्रिया. आंबा, केळी, चिकू, सीताफळ उतरवल्यावरही पिकतात. त्यांना इशारा मिळतो तो एथिलीन वायूचा. एसीसी सिंथेज व एसीसी ऑक्सिडेज या विकरांची जनुके कार्यरत झाली की फळ तो स्वतःच बनवते आणि त्याने आणखी एथिलीन सुटते. मग पिष्टाची साखर होते, पेशींना जोडणारे पेक्टिन फुटून गर मऊ पडतो. अढीत पेंढ्याखाली कोंडलेल्या याच वायूने हापूस एकसारखा पिकतो. हापूसच्या गंधातील फ्युरॅनिओल हे संयुग घडवणाऱ्या विकरावरील पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे २०१३ मधील संशोधन मोलाचे आहे. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास भारतात बंदी आहे. त्याऐवजी एथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत वापरता येतो.