शहराची रात्र उबदार का?

ढगांचे वर्गीकरण करणारे ल्यूक हॉवर्ड हे लंडनचे रसायन-कारखानदार. लंडनच्या हवामानावरील आपल्या ग्रंथात (१८१८-२०) त्यांनी शहराचे तापमान बाहेरच्या खेड्यांशी ताडून पाहिले. शहरातली रात्र सरासरी ३.७ अंश फॅरनहाइटने (सुमारे २ अंश सेल्सिअस) उबदार निघाली. दिवस मात्र किंचित थंडच! जळणाबरोबरच भिंतींत कोंडणारी उष्णता आणि बाष्पीभवनाला अपुरा ओलावा, ही कारणेही त्यांनी हेरली. आज आपण त्यात भर घालतो ती एवढीच: दगड, विटा, डांबर दिवसा उष्णता साठवतात आणि रात्री सावकाश सोडतात. ओली माती व झाडे मात्र बाष्पीभवनाने थंड राहतात. तेव्हा शाळेच्या पटांगणावर फरशी घालण्याआधी, सूर्यास्तानंतर मातीचे आणि डांबरी रस्त्याचे तापमान विद्यार्थ्यांसह मोजून पाहू या.