वातावरण कोण बिघडवतं?

पारोळ्यात ढग भरून आले की माणसं म्हणतात, "वातावरण खराब आहे." भीमजयंतीची मिरवणूक ठरली की तेच वाक्य पुन्हा ऐकू येतं, फक्त आता बोट आमच्याकडे असतं. वात म्हणजे वारा, आवरण म्हणजे वेढा. पृथ्वीभोवतीच्या हवेचा हा शब्द गावाला लावला की कर्ता गायब होतो. वातावरण 'तापतं', 'बिघडतं'. बिघडवणाऱ्याला नाव नसतं. म्हणून शांतता बैठकीत आम्ही विचारतो: कोणी अडवलं? कुठल्या रस्त्यावर?

बाबासाहेबांनी तसंच लिहिलं. 1929 साली आपल्याच खानदेशात, धुळ्याकडून एका गावच्या बहिष्काराची चौकशी करून परतताना ते चाळीसगावला उतरले. 'खानदेशातलं वातावरण प्रतिकूल होतं' एवढ्यावर त्यांना भागवता आलं असतं. पण 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये सगळं नेमकं आहे. अस्पृश्याला बसवून टांगा हाकणं टांगेवाल्यांना कमीपणाचं वाटत होतं. टांगा भाड्याने द्यायला ते तयार झाले, हाकायला नाही. मग आपल्यातलाच एक बांधव हाकायला बसला, त्याला सवय नव्हती. नदीवरच्या पुलावर चाक कडेच्या दगडावर आदळलं, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.