युनिक्समधील दोन ‘बिन’ : एक साधनचिकित्सा

ज्या संगणकास आज्ञा टंकून द्याव्या लागतात अशा युनिक्स-कुळांतील ऑपरेटिंग सिस्टिमांत प्रोग्राम ठेवण्याचे कप्पे अनेक असतात. या कप्प्यांस डिरेक्टरी म्हणतात, व कप्प्यांतील कप्पा तिरक्या रेघेनें दाखवितात. सर्वांच्या मुळाशीं असलेल्या डिरेक्टरीस ‘रूट’ असें नांव असून ती नुसत्या एका तिरक्या रेघेनें लिहितात. यांपैकीं ‘/बिन’ आणि ‘/यूएसआर/बिन’ हे दोन कप्पे एकाच नांवाचे व एकाच कामाचे आहेत. (दुसऱ्या नांवांतील पूर्वपद यू, एस्, आर् या तीन रोमन अक्षरांचें आहे.) एकाच मालासाठीं दोन कोठ्या कां बांधल्या, याचें जें उत्तर आज बहुधा दिलें जातें तें समकालीन कागदांशीं ताडून पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आमचा या विषयाशीं संबंध एका नुकसानीमुळें आला. एका संग्रहांतील पोथ्यांची वर्णनात्मक यादी आम्ही लिनक्स-यंत्रावर करीत होतों. पुष्पिकांतील शकमितीवरून इंग्रजी तारीख काढणारा एक लहानसा प्रोग्राम आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें करून दिला होता. सर्व प्रोग्राम तेथेंच असतात असें पाहून आम्ही तोही ‘/यूएसआर/बिन’ मध्यें ठेविला. पुढें सिस्टिमची नवी आवृत्ति यंत्रावर चढविली. तिच्यांत त्याच चार अक्षरी नांवाचा एक प्रोग्राम होता, व तो आमच्या प्रोग्रामावर लिहिला गेला. दुसरी प्रत कोठेंही नव्हती. पोथीची नक्कल करून ठेवा म्हणून आयुष्यभर इतरांस सांगणाऱ्या मनुष्याच्या हातून हें घडावें याची लाज वाटते. पण लपवून उपयोग नाहीं. शेंकडों मिति आम्हांस पिल्ले यांच्या कोष्टकांवरून पुन्हां हातानें काढाव्या लागल्या. चूक कोणत्या नियमाच्या भंगामुळें झाली हें विचारूं गेलों तेव्हां प्रत्येक जाणत्यानें नियम सांगितला, आणि नियमाचें कारण मात्र प्रत्येकानें निराळें सांगितलें. तेथून हा शोध सुरू झाला.

प्रचलित उपपत्ति दोन आहेत. पहिली नांवाविषयीं : ‘यूएसआर’ हीं ‘युनिक्स सिस्टिम रिसोर्सेस’ या तीन शब्दांचीं आद्याक्षरें होत. दुसरी योजनेविषयीं : यंत्र सुरू होतांना किंवा बिघडल्यावर दुरुस्त करतांना जे प्रोग्राम अवश्य लागतात ते ‘/बिन’ मध्यें, व बाकीचे ‘/यूएसआर/बिन’ मध्यें असावेत, असें मूळ कर्त्यांनीं विचारपूर्वक ठरविलें. दोन्ही उपपत्ति ऐकावयास सुसंगत आहेत. बखरकारांची हकीकतही बहुधा सुसंगत असते.

आतां अस्सल साधनें पाहूं. युनिक्स ही अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत, मरे हिल येथील बेल लॅबोरेटरींत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं १९६९ पासून रचली. तिच्या नियमपुस्तिकेची पहिली आवृत्ति ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची असून ती उपलब्ध आहे. तींत ‘इनिट’ नांवाच्या, यंत्र सुरू होतांना चालणाऱ्या प्रोग्रामाचें वर्णन करितांना असें सांगितलें आहे कीं, हा प्रोग्राम ‘/यूएसआर’ ही डिरेक्टरी आरके जातीच्या डिस्कवर असल्याचें सिस्टिमला कळवितो. म्हणजे ‘/यूएसआर’ हें पहिल्यापासून निराळ्या डिस्कचें नांव होतें. त्या डिस्कवर काय होतें? कर्त्यांचीं स्वतःचीं दप्तरें. ‘/यूएसआर/केन’ हें टॉम्प्सन यांचें, ‘/यूएसआर/डीएमआर’ हें रिची यांचें. तेव्हां ‘यूएसआर’ म्हणजे ‘यूझर’, वापरणारा. मधला ई गाळलेला. आद्याक्षरांची उपपत्ति मागाहून सुचलेली आहे. त्या काळच्या बेल लॅबोरेटरींत अक्षरें गाळण्याची लकब इतरत्रही दिसते : ‘क्रिएट’ या आज्ञेचा अंत्य ई गाळला आहे, ‘अनमाउंट’ मधला पहिला एन् गाळला आहे. एकाच लेखकाच्या हातच्या तीन पोथ्यांत तोच लोप आढळला, तर तो त्या हाताचा धर्म समजावयाचा. अक्षरसाम्यावरूनही निर्वचन करण्याची मुभा यास्कानें दिली आहे खरी, पण ती अर्थ अन्यथा लागत नसेल तेव्हां. येथें तो सरळ लागतो. (‘बिन’ हेंही ‘बायनरी’ चें संक्षिप्त रूप आहे. इंग्रजींत बिन म्हणजे धान्याची कणगी असाही शब्द आहे आणि तो येथें सुरेख शोभतो, पण शोभतो एवढ्यावरून व्युत्पत्ति ठरत नाहीं.)

आतां योजनेचा प्रश्न. रिची यांनीं युनिक्सच्या उत्क्रांतीवर लिहिलेल्या निबंधांत पहिल्या पीडीपी-११ यंत्राचीं मापें दिलीं आहेत : स्मृति २४ किलोबाइट, डिस्क ५१२ किलोबाइट. आज एका पोथीच्या एका पानाचें चांगलें छायाचित्र यापेक्षां कितीतरी मोठें असतें. पुढें १९७४ सालच्या जुलैंत रिची व टॉम्प्सन यांचा प्रसिद्ध लेख अमेरिकेंतील संगणक-संघाच्या मासिकांत आला. त्यांत आपल्या पीडीपी-११/४५ यंत्रास एक मेगाबाइटची एक स्थिर-शीर्ष डिस्क, अडीच मेगाबाइटच्या चार, व चाळीस मेगाबाइटची एक मोठी डिस्क आहे असें सांगून, रूट डिरेक्टरी स्थिर-शीर्ष डिस्कवर असते व वापरणारांच्या फाइली असलेली मोठी डिस्क यंत्र सुरू होतांना जोडली जाते असें स्पष्ट म्हटलें आहे. स्थिर-शीर्ष डिस्कमध्यें प्रत्येक वर्तुळास स्वतंत्र वाचक असल्यामुळें ती जलद, परंतु महाग व लहान असे. जलद जागा थोडी आणि संथ जागा पुष्कळ, अशी ही घरची स्थिति होती. प्रोग्राम वाढत गेले तसे ते जलद कोठींत मावेनासे झाले, व शेजारच्या मोठ्या कोठींत, जेथें मंडळींचीं दप्तरें होतीं तेथें, दुसरा ‘बिन’ उघडावा लागला. असें आम्हांस वाटतें.

या अनुमानास बळकटी देणारा पुरावा १९७५ च्या सहाव्या आवृत्तींत आहे. तिचा मूळ लेख २००२ पासून कॅल्डेरा कंपनीच्या परवान्यामुळें कोणासही मोकळेपणानें वाचतां येतो. (याच आवृत्तीच्या गाभ्यावर ऑस्ट्रेलियांतील जॉन लायन्स यांनीं भाष्य लिहिलें होतें, तें १९९६ पर्यंत रीतसर प्रकाशित न होतां नकलेच्या नकलांवरून हस्तोहस्तीं फिरत राहिलें. आमच्या वाचकांस हा प्रकार नवा वाटणार नाहीं.) वापरणारानें टंकलेली आज्ञा वाचून प्रोग्राम शोधणाऱ्या भागास ‘शेल’ म्हणतात. या शेलमध्यें आज्ञेच्या नांवामागें ‘/यूएसआर/बिन/’ हीं अक्षरें लावून एकच ओळ तयार केली आहे. मग त्या ओळींतील पहिलीं चार चिन्हें, म्हणजे एक तिरकी रेघ व तीन अक्षरें, सोडून उरलेली ओळ आधीं शोधावयाची, व ती न सांपडल्यास सबंध ओळ शोधावयाची, अशी युक्ति आहे. चार चिन्हें सोडलीं कीं उरतें तें ‘/बिन/’. दोन कोठ्यांमध्यें दर्जाचा कोणताही भेद येथें केलेला नाहीं. आधीं जुनी पाहावयाची, नाहींतर नवी, एवढेंच.

१९७४ च्या लेखांत मात्र आज्ञा ‘/बिन’ मध्यें शोधली जाते एवढेंच आहे, दुसऱ्या ‘बिन’ चा उल्लेख नाहीं. त्यावरून तोपर्यंत दुसरी कोठी नव्हतीच असें कोणी म्हणेल तर आम्ही म्हणणार नाहीं. लेख परक्या वाचकांसाठीं संक्षेपानें लिहिलेला आहे, व मौनावरून अभाव सिद्ध होत नाहीं.

२०१० सालीं रॉब लँडली या प्रोग्रामकारांनीं या विभागणीची एक हकीकत लिहिली, व तीच आज सर्वत्र सांगितली जाते. पहिली आरके डिस्क भरली म्हणून सिस्टिम दुसऱ्या आरके डिस्कवर, वापरणारांच्या दप्तरांत, सांडली, असें तींत आहे. तात्पर्य बरोबर आहे, आणि तें धीटपणें सांगितल्याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. पण तपशील समकालीन कागदांशीं जुळत नाहीं. १९७१ ची पुस्तिका केवळ ‘/यूएसआर’ आरकेवर असल्याचें सांगते, आणि १९७४ च्या लेखांत रूट स्थिर-शीर्ष डिस्कवर आहे. दोन सारख्या डिस्का नव्हत्या. एक चपळ व एक ऐसपैस होती.

मग दुसरी उपपत्ति सर्वस्वीं खोटी काय? तसें नाहीं. कार्य व कारण यांची तींत उलटापालट झाली आहे. ‘/यूएसआर’ ची डिस्क मागाहून जोडली जाते, तेव्हां ती जोडण्यापूर्वीं लागणारे प्रोग्राम रूटवर असणें भागच आहे. हें बंधन विभागणींतून उत्पन्न झालें. बंधनासाठीं विभागणी झाली नाहीं. पुढील पिढ्यांस बंधन दिसलें, जागेची टंचाई दिसली नाहीं, कारण टंचाई तोंवर संपली होती.

एकदां कोठ्या दोन झाल्यावर तीन व्हावयास वेळ लागला नाहीं. कॅलिफोर्नियांतील बर्कले येथील विद्यापीठानें आपले प्रोग्राम ‘/यूएसआर/यूसीबी’ मध्यें ठेविले. स्थानिक मंडळींनीं स्वतः केलेल्या प्रोग्रामांसाठीं ‘/यूएसआर/लोकल’ आलें. १९८८-८९ च्या सुमारास सिस्टिम फाइव्हच्या चौथ्या रिलीझमध्यें बाहेरून विकत घेतलेल्या प्रोग्रामांसाठीं ‘/ऑप्ट’ आलें. शोधण्याचा क्रम १९७९ च्या सातव्या आवृत्तींतील बोर्न यांच्या शेलपासून ‘पाथ’ नांवाच्या यादींत लिहितात, व एका नांवाचे दोन प्रोग्राम असल्यास यादींत आधीं येणाऱ्या कप्प्यांतला चालतो.

‘/ऑप्ट’ च्या मागें मात्र निराळेंच तत्त्व आहे, व संग्राहकांस तें ओळखीचें वाटेल. एखादें घराणें आपलें दप्तर संस्थेस देतें तेव्हां त्यांतील सनदा सनदांत, हिशेब हिशेबांत असे वांटावयाचे, कीं रुमाल जसेच्या तसे ठेवावयाचे? ‘/यूएसआर’ ही वांटणाऱ्यांची रीत : सर्वांचे प्रोग्राम ‘बिन’ मध्यें, सर्वांच्या पुस्तिका दुसऱ्या कप्प्यांत. ‘/ऑप्ट’ ही रुमाल राखणाऱ्यांची. पहिल्या रीतींत शोध सोपा, पण एखादा प्रोग्राम समूळ काढून टाकणें कठीण. दुसरींत याच्या उलट. १९८३ च्या एमएस-डॉस २.० मध्यें प्रथमच पोटकप्पे आले, व तेथें लोकांनीं बहुधा प्रत्येक प्रोग्रामास स्वतंत्र कप्पा दिला. पण आज्ञेची ओळ १२७ अक्षरांहून मोठी असूं शकत नसल्यामुळें पाथची यादी लौकरच भरून जाई. रुमाल राखणाऱ्या पंथाचें टोंक म्हणजे नेदर्लंड्सांतील उत्रेख्त विद्यापीठाच्या एल्को डोल्स्ट्रा यांचें ‘निक्स’ (त्यांचा प्रबंध २००६ चा). त्यांत प्रत्येक प्रोग्रामाच्या प्रत्येक आवृत्तीस ३२ अक्षरांची खूण असलेला निराळा कप्पा मिळतो. वाचावयास अत्यंत कंटाळवाणी, पण दोन पाठांची मिसळ अशक्य करणारी ही रीत आम्हांस मनापासून आवडली.

लिनक्स-मंडळींनीं १९९४ च्या फेब्रुवारींत या सर्व कप्प्यांचा एक लेखी दंडक केला. १९९७ मध्यें त्याचें नांव बदललें, आणि २०१५ मध्यें त्याची तिसरी मोठी आवृत्ति निघाली. त्यांत ‘/यूएसआर/लोकल’ संबंधीं असें कलम आहे कीं, सिस्टिम नवी करितांना तेथील वस्तूंवर कांहींही लिहिलें जाऊं नये. आमचा नियमभंग हाच.

दोन ‘बिनां’ ची कथा येथें संपत नाहीं. टॉम्प्सन, रिची व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुढें ‘प्लॅन ९’ ही सिस्टिम रचली व १९९२ मध्यें ती विद्यापीठांस दिली. तींत वापरणारास ‘/बिन’ एकच दिसतो. मूळ कर्त्यांना विभागणी तत्त्व म्हणून प्रिय असती तर त्यांनीं ती नव्या घरीं नेली असती. लिनक्समध्यें २०१२ सालीं फेडोरा १७ नें ‘/बिन’ रिकामा करून त्याच्या जागीं ‘/यूएसआर/बिन’ कडे बोट दाखविणारी खूण ठेविली; डेबियनच्या २०२३ च्या बाराव्या आवृत्तींत हीच मांडणी सक्तीची झाली. थोरली कोठी गेली व धाकटी उरली; आणि जिच्या नांवांत वापरणारा आहे तींत वापरणाराचें कांहींच उरलें नाहीं, त्याचें दप्तर केव्हांच ‘/होम’ मध्यें गेलें.

आमच्या विद्यार्थ्यानें तो प्रोग्राम गेल्या दिवाळींत पुन्हां लिहून पाठविला. तो आतां ‘/यूएसआर/लोकल/बिन’ मध्यें आहे, आणि त्याचा मूळ लेख छापून यादीच्या पहिल्या खंडाच्या शेवटीं बांधला आहे.