छत्तीस पत्ते आणि एक माणूस : क्यू पद्धतीची जन्मकथा

#धागा

१/
'जुन्या वास्तूंचे जतन व्हावे का?' असा प्रश्न शंभर जणांना विचारला, तर बहुतेक सारे 'हो' म्हणतील. पण या होकारातून हाती काय लागते? एकाला वास्तूची पडझडसुद्धा आहे तशीच जपायची असते, दुसऱ्याला ती नव्याने बांधून काढायची असते, तर तिसऱ्याच्या मनात तिकीट, उपाहारगृह आणि गावातल्या चार घरांचा रोजगार असतो. प्रश्नावलीच्या रकान्यात मात्र तिघांची खूण एकाच ठिकाणी पडते. या अडचणीला थेट भिडणारी एक पद्धत १९३५ साली लंडनमध्ये जन्मली. तिचे नाव क्यू मेथडॉलॉजी.

२/
तिचा जनक विल्यम स्टीफन्सन. जन्म १९०२, इंग्लंडमधील डरहॅम परगण्यातला. हा मनुष्य मुळात भौतिकशास्त्राचा. १९२६ साली त्या विषयात डॉक्टरेट मिळवल्यावर तो मानसशास्त्राकडे वळला आणि १९२९ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून त्याने दुसरी डॉक्टरेट घेतली. तिथे त्याला गुरू लाभले ते चार्ल्स स्पिअरमन, म्हणजे घटक विश्लेषणाचे आद्य प्रवर्तक. पुढे स्पिअरमन आणि सिरिल बर्ट या दोघांच्याही हाताखाली त्याने काम केले.

३/
स्पिअरमन यांची १९०४ सालची कल्पना थोडक्यात अशी : अनेक विद्यार्थ्यांचे अनेक विषयांतले गुण घ्यावेत, कोणते विषय बरोबरीने वरखाली होतात ते पाहावे, आणि त्यामागे दडलेला समान घटक शोधावा. या हिशेबात एकमेकांशी तुलना होते ती विषयांची किंवा चाचण्यांची. माणसे केवळ आकडे पुरवणारी. राम, शाम, मेरी कोणीही असो, सरासरीत विरघळून जातो.

४/
२४ ऑगस्ट १९३५ रोजी 'नेचर' या नियतकालिकात स्टीफन्सनचे एक छोटेसे पत्र प्रसिद्ध झाले. त्याचा प्रस्ताव होता : हे विश्लेषण उलटे करा. चाचण्यांमधला सहसंबंध न काढता माणसामाणसांमधला सहसंबंध काढा.

५/
ही कल्पना एकट्या त्याचीच होती असे मानण्याचे कारण नाही. त्याच वर्षी गॉडफ्रे थॉमसन यांनीही व्यक्तींमधील सहसंबंधांवर लिहिले होते, आणि बर्ट तर आपण ते फार आधीपासून करीत आलो आहोत असे सांगत. वादाचा खरा मुद्दा श्रेयाचा नव्हताच. या उलटवण्याचा अर्थ काय, हा मुद्दा होता.

६/
बर्ट यांचे म्हणणे साधे होते. आकड्यांचा तक्ता एकच. आडव्या ओळी उभ्या केल्या, एवढाच फरक. गणित म्हणून यात चूक काढणे कठीण.

स्टीफन्सनचा आक्षेप गणिताच्या आधीचा होता. शंभर माणसांच्या उंचीची सरासरी काढता येते, कारण सगळ्यांची उंची सेंटिमीटरमध्येच मोजलेली असते. पण एकाच माणसाची उंची, वजन आणि बीजगणितातले गुण यांची सरासरी म्हणजे काय? तो तक्ता नुसता आडवा करून काहीच हाती लागत नाही. व्यक्तींची तुलना करायची, तर आकडेच वेगळ्या जातीचे हवेत. एका माणसाने सगळ्या गोष्टींना एकाच मापाने तोललेले असावे, आणि ते माप त्याचे स्वतःचे असावे : 'ही गोष्ट मला त्या गोष्टीपेक्षा अधिक पटते.' अशा मापात सेंटिमीटर आणि किलोग्रॅमची भानगडच उरत नाही.

१९३९ साली 'सायकोमेट्रिका' या नियतकालिकात दोघांनी मिळून एक निबंध लिहिला आणि आपले कुठे जुळते, कुठे जुळत नाही, ते मांडले. दोन विरोधकांनी आपले मतभेद एकत्र बसून लिहून काढणे, हा प्रकार विद्वानांच्या जगात तेव्हाही दुर्मीळच असणार!

७/
प्रत्यक्षात हे काम चालते कसे?

आधी त्या विषयावर लोक काय काय बोलतात ते गोळा करायचे : मुलाखती, वृत्तपत्रे, भाषणे, गप्पा. त्यातून निवडलेली, समजा, ३६ विधाने एकेका पत्त्यावर लिहायची. मग सहभागी व्यक्तीसमोर एक पट मांडायचा. डावीकडे उणे चार, उजवीकडे अधिक चार, मध्ये शून्य. टोकांना दोन-दोनच जागा, आत येताना तीन, चार, पाच, आणि मधोमध आठ. सगळे पत्ते या पटावर बसवायचे.

आता माणूस पेचात सापडतो. त्याला दहा विधाने अगदी मनापासून पटलेली असतात, पण टोकाच्या जागा दोनच! कोणते खाली सरकवायचे? हा पत्ता उचल, तो ठेव, पुन्हा बदल, अशी चाचपणी सुरू होते, आणि त्या चाचपणीतूनच त्याच्या मताचा आकार उमटतो. पट भरल्यावर संशोधक टोकाच्या पत्त्यांविषयी विचारतो : 'हेच इथे का ठेवले?' पुष्कळदा सर्वांत मोलाचे सापडते ते या उत्तरात.

८/
चाळीस जणांनी असे पट मांडले, तर त्यांच्या ७८० जोड्या होतात. प्रत्येक जोडीचा सहसंबंध काढून घटक विश्लेषण केले की सारखे पट मांडणाऱ्यांचे गट दिसू लागतात. प्रत्येक गट म्हणजे एक दृष्टिकोन. वास्तूंच्या जतनाला 'हो' म्हणणारे ते तिघे इथे तीन वेगळ्या गटांत जाऊन बसू शकतात, आणि हे गट संशोधकाने आधी आखलेले नसतात.

एक खबरदारी मात्र हवी. समाजात किती टक्के लोक कोणत्या मताचे आहेत, हे ही पद्धत सांगत नाही. कोणकोणती मते नांदत आहेत आणि त्यांची आतली रचना कशी आहे, एवढेच ती सांगते. म्हणून तिला हजारो माणसांची गरज पडत नाही, तीस-चाळीस पुरतात. स्टीफन्सन तर एकाच व्यक्तीकडून वेगवेगळ्या सूचनांनी अनेक पट मांडून घेई : 'मी जसा आहे', 'मला जसे व्हायचे आहे', 'वडिलांना मी जसा वाटतो'.

९/
१९४८ साली स्टीफन्सन शिकागो विद्यापीठात गेला. तिथे कार्ल रॉजर्स आपल्या समुपदेशन केंद्रात एका प्रश्नाशी झगडत होते : उपचाराने माणूस बदलतो, हे दाखवायचे कसे? त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० विधानांचा क्यू-संच वापरून 'मी आहे तसा' आणि 'मला व्हायचे तसा' असे दोन पट मांडून घेतले. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, उपचारापूर्वी या दोन पटांतला सरासरी सहसंबंध उणे ०.०१ होता, म्हणजे जवळपास शून्य. उपचारानंतर तो ०.३४ झाला. मनातली तफावत कमी झाल्याचे आकड्यांत दिसले, आणि तेही रुग्णाने स्वतः मांडलेल्या पत्त्यांवरून.

१०/
पण याच काळात स्टीफन्सनचे नशीब फिरले. १९५३ साली त्याचा 'द स्टडी ऑफ बिहेव्हिअर' हा मुख्य ग्रंथ आला. पुढच्याच वर्षी ली क्रॉनबाख आणि गोल्डीन ग्लेसर यांनी त्याचे कठोर परीक्षण केले. विद्यार्थ्यांनी या संशोधन-रचनांचे अनुकरण करू नये, इथपर्यंत त्यांनी बजावले. १९५५ साली त्याने शिकागो सोडले आणि तो जाहिरात-संशोधनात शिरला. १९५८ पासून मिसुरी विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागात त्याला आसरा मिळाला.

मानसशास्त्राने त्याचे पत्ते ठेवून घेतले आणि कल्पना बाहेर काढली. जॅक ब्लॉक यांच्या १९६१ सालच्या प्रसिद्ध पुस्तकात क्यू-संच येतो, पण तिथे पत्ते लावतो तो तज्ज्ञ, दुसऱ्या कोणाचे तरी वर्णन करण्यासाठी. ज्याच्याविषयी चालले आहे त्याचे स्वतःचे माप पुन्हा गायब!

११/
मूळ विचार टिकला तो मिसुरीतल्या शिष्यांमुळे. त्यांपैकी स्टीव्हन ब्राऊन यांनी राज्यशास्त्रात ही पद्धत रुजवली. १९७७ साली 'ऑपरंट सब्जेक्टिव्हिटी' हे नियतकालिक निघाले, १९८० साली ब्राऊन यांचा 'पोलिटिकल सब्जेक्टिव्हिटी' हा ग्रंथ आला. १९८९ साली स्टीफन्सन वारला. आज पर्यावरण, आरोग्य, शिक्षण अशा क्षेत्रांत ही पद्धत चांगलीच प्रचलित आहे.

१२/
आणि इतिहासात? १९९२ साली फिलिप टेटलॉक आणि सहकाऱ्यांनी राजकीय निर्णयमंडळांचा अभ्यास करण्यासाठी क्यू-संच वापरला. आयर्व्हिंग जॅनिस यांचा 'ग्रुपथिंक'चा सिद्धांत इतिहासकारांनी लिहिलेल्या वृत्तांतांवर पारखून पाहणे, हा त्यांचा हेतू होता. वृत्तांत वाचायचा आणि त्यात दिसणाऱ्या गटाचे वर्णन पत्त्यांनी मांडायचे, अशी ही रीत.

प्रयोग चलाख आहे. पण पट कोण मांडतो आहे, ते पाहावे लागते. पत्ते वाचकाच्या हातात असतात आणि त्याच्यासमोर असते ते इतिहासकाराचे लेखन. बैठकीत बसलेल्या मंत्र्याला कोणी पत्ते दिलेले नसतात. १९३५ साली स्टीफन्सनने जे माप माणसाच्या स्वतःच्या हाती सोपवले, ते दप्तरखान्यातल्या माणसाच्या हाती द्यायचे, तर त्याची पत्रे आणि रोजनिशीच उरते. त्यांतून त्याचा पट त्याच्या वतीने मांडणे कितपत रास्त, यावर या पद्धतीच्या अभ्यासकांचेही एकमत होणे कठीण आहे.