चित्रातली दुसरी बाजू

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये अकरा मुलांविषयी एक दीर्घ लेख प्रसिद्ध केला. आठ मुलगे आणि तीन मुली. त्यांतली तिघे बोलतच नव्हती. उरलेल्या आठांना शब्द येत होते, पण दुसऱ्याशी संवाद साधायला ते शब्द फारसे कामी येत नव्हते. स्वमग्नता ही स्वतंत्र अवस्था म्हणून वैद्यकाच्या नकाशावर आली ती मुख्यतः या लेखामुळे. त्यात कॅनर यांनी जाता जाता एक निरीक्षण नोंदवले आहे: ही मुले माणसांपेक्षा माणसांच्या चित्रांशी अधिक मोकळेपणाने वागतात, कारण चित्र मध्ये मध्ये करत नाही. आज विशेष शिक्षणाच्या कोणत्याही वर्गात गेले की भिंतीवर चित्रांचे वेळापत्रक दिसते, टेबलावर चित्रकार्डांची वही दिसते, आणि ‘ही मुले चित्रांतून विचार करतात’ असे त्याचे कारण सांगितले जाते. हे कारण अपुरे आहे असे मला वाटते. चित्रांच्या वापराचा गेल्या पन्नास-साठ वर्षांचा इतिहास नीट पाहिला तर वेगळीच गोष्ट हाती लागते. जिथे मोठ्या माणसांनी स्वतःच्या बाजूचे, न बोलता गृहीत धरलेले जग कागदावर उतरवले, तिथे चित्रांनी खरे काम केले. जिथे चित्र केवळ मुलाला वळण लावण्याचे साधन झाले, तिथे ते हुकमाचेच दुसरे रूप ठरले.

कॅनर यांच्या निरीक्षणाचा पद्धतशीर उपयोग व्हायला दोन-तीन दशके गेली, आणि त्याचे कारण त्या काळाच्या समजुतींत आहे. आईच्या थंडपणामुळे मूल स्वतःत मिटून जाते, ही कल्पना तेव्हा प्रतिष्ठित होती. शिकागोच्या ब्रुनो बेटेलहाइम यांनी 1967 च्या आपल्या पुस्तकाने ती घरोघरी पोहोचवली. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता, 1964 मध्येच तिचे सविस्तर खंडन केले होते, तरी असंख्य आयांनी तो दोष वर्षानुवर्षे डोक्यावर वाहिला. दोष आईचा असेल तर उपचार म्हणजे मुलाला तिच्यापासून दूर नेणे. त्याला जग कसे समजते हा प्रश्नच उरत नाही. दुसरीकडे लॉस एंजेलिसमध्ये इव्हार लोव्हास तोंडी आज्ञा आणि बक्षीस यांच्या बळावर मुलांना एकेक वर्तन शिकवत होते. सुरुवातीच्या काळात त्यात चापट आणि विजेचा झटकाही होता. 1965 मध्ये ‘लाइफ’ मासिकाने त्याची छायाचित्रे छापली. त्या पद्धतीने काही मुले बोलू लागली हे नाकारता येत नाही. पण तिच्या त्या रूपात मूल हे आज्ञा ऐकणारे होते, आणि आज्ञा कळली नाही तर उणीव मुलाची, असे ठरलेलेच होते.

हा पाया हलवला एरिक शॉप्लर यांनी. नाझी जर्मनीतून 1938 मध्ये कुटुंबासह बाहेर पडलेल्या या माणसाने शिकागोत शिकताना बेटेलहाइम यांची मांडणी जवळून पाहिली आणि ती नाकारली. पुढे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात रॉबर्ट रायकलर यांच्याबरोबर त्यांनी पालकांनाच सहशिक्षक मानून काम सुरू केले, आणि 1972 मध्ये त्या राज्याच्या विधिमंडळाने ‘टीच’ नावाने हा कार्यक्रम राज्यभर उभा केला. तिथल्या वर्गाची रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. काम डावीकडच्या टोपलीतून घ्यायचे, झाले की उजवीकडच्या टोपलीत टाकायचे. भिंतीवरच्या चित्रपट्टीवर पुढचे चित्र काय आहे ते पाहायचे. काय करायचे, किती करायचे, संपले हे कसे कळणार आणि नंतर काय, या चार प्रश्नांची उत्तरे कोणी न बोलता समोर असत. शिक्षकाला ही चार उत्तरे चित्रात मांडायची तर आधी ती स्वतःकडे असावी लागतात. ‘नीट बस आणि अभ्यास कर’ या वाक्यात त्यांतले एकही नाही. मुलाचा हट्ट किंवा आरडाओरडा म्हणून ज्याची नोंद होत होती, त्यातला बराच भाग या न दिलेल्या उत्तरांचा होता, हे या वर्गांनी दाखवून दिले. मला हा या इतिहासातला निर्णायक टप्पा वाटतो.

इथे पहिला आक्षेप येतो. टेंपल ग्रँडिन या स्वमग्न शास्त्रज्ञ बाईंनी 1995 च्या आपल्या पुस्तकात स्वतःचे विचार चित्रांत चालतात असे लिहिले आणि ते जगभर वाचले गेले. मग चित्रांचे यश त्या वेगळ्या मेंदूमुळेच आहे असे का म्हणू नये? कारण सर्वच स्वमग्न माणसांचे विचार असे चालत नाहीत. काही शब्दांत विचार करतात, काही आकृतिबंधांत, हे पुढे ग्रँडिन यांनीच मान्य केले. तरीही चित्रपट्टी यांतल्या बहुतेकांना उपयोगी पडते. याचे साधे कारण असे की बोललेला शब्द उच्चारताच विरतो आणि चित्र थांबून राहते. दादरच्या फलाटावर गर्दीत झालेली घोषणा निसटली तर निसटली, इंडिकेटर मात्र गाडी येईपर्यंत तिथेच असतो. तो पाहायला कोणाला वेगळा मेंदू लागत नाही. ज्याला आवाजांच्या गोंगाटातून हवा तो आवाज वेगळा काढणे जड जाते, त्याची ही गरज तीव्र असते इतकेच.

दुसरा टप्पा डेलावेअरचा. तिथल्या स्वमग्न मुलांच्या शाळांमधून अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी 1985 मध्ये चित्रांच्या देवघेवीची पद्धत सुरू केली. ‘पेक्स’ या नावाने ती आज आपल्याकडच्या उपचार केंद्रांतही परिचित आहे. तिचा पहिला धडा असा. टेबलावर बिस्किट आहे. मुलासमोर एक जण बसतो, मागे दुसरा. समोरच्याने काहीही विचारायचे नाही; ‘काय हवे?’ एवढेसुद्धा नाही. मूल बिस्किटाकडे हात नेते तोच मागचा माणूस तो हात अलगद बिस्किटाच्या चित्राकडे नेतो आणि चित्र उचलून समोरच्या उघड्या तळव्यावर ठेवायला मदत करतो. चित्र तळव्यावर पडले की समोरचा ‘बिस्किट!’ म्हणतो आणि बिस्किट लगेच देतो. मागचा माणूस एक अक्षर बोलत नाही आणि हळूहळू आपली मदत काढून घेतो. मग समोरचा माणूस दूर जाऊन बसतो, कधी पाठ फिरवतो; मुलाने वहीतून चित्र काढून त्याच्यापर्यंत चालत जायचे असते. त्यापूर्वी मुलांना चित्रावर बोट ठेवायला शिकवत, पण खोलीत कोणी बघत नसतानाही बोट ठेवता येते. चित्र हातात द्यायचे तर दुसरा माणूस शोधावाच लागतो. सामाजिक कौशल्य म्हणतात त्याचे बीज इथे आहे, आणि ते रुजावे म्हणून मोठ्या माणसाला आधी गप्प राहायला शिकावे लागले.

मागणे आले तरी माणसे एकमेकांशी अशी का वागतात हे कळणे बाकी राहते. सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी 1985 मध्ये लंडनमध्ये बाहुल्यांचा एक खेळ मांडला. दुसऱ्याची समजूत आपल्यापेक्षा वेगळी असू शकते हे त्यात ओळखायचे होते. 20 स्वमग्न मुलांपैकी 16 जणांना ते जमले नाही. या प्रयोगाचे नाव सर्वत्र घेतले जाते, पण आपल्या विषयाला पुढच्या वर्षीचा त्यांचाच प्रयोग जवळचा आहे. विस्कटलेली चित्रे क्रमाने लावून गोष्ट पूर्ण करायची होती. दगड टेकडीवरून गडगडतो अशी गोष्ट स्वमग्न मुलांनी चोख लावली. मुलीने खाली ठेवलेले खेळणे तिच्या पाठीमागे कोणी पळवते आणि ती चकित होते, ही गोष्ट मात्र अनेकांची बिघडली. म्हणजे चित्र समोर असूनही, जिचा उलगडा व्हायचा ती समजूत चित्रात नव्हतीच. चित्रांवर सरसकट भिस्त ठेवणाऱ्यांनी हा निष्कर्ष जितका मनावर घ्यायला हवा होता तितका घेतला नाही.

मिशिगनमधल्या शिक्षिका कॅरल ग्रे यांनी हा पेच प्रत्यक्ष वर्गात सोडवायचा प्रयत्न केला. 1991 च्या सुमारास त्यांनी ‘सोशल स्टोरी’ म्हणजे एखाद्या प्रसंगाची मुलाच्या दृष्टीने लिहिलेली छोटी गोष्ट रूढ केली. ‘तू असे कर’ असे एक वाक्य लिहायचे असेल तर काय घडते आणि इतरांना काय वाटते हे सांगणारी निदान दोन वाक्ये त्यासोबत हवीत, असा त्यांचा नियम होता. उल्लेखनीय म्हणजे सुरुवातीला त्यांनी या गोष्टींत चित्रे नकोत असे सुचवले, कारण मूल चित्रातल्या एखाद्या तपशिलालाच नियम समजून बसेल. चित्रे आली ती 1994 मध्ये, चित्रपट्टीतल्या संभाषणाच्या रूपात, आणि ती वेगळ्या कामासाठी आली. समजा, एक मुलगा मधल्या सुट्टीत मित्राला रेल्वेगाड्यांचे क्रमांक सांगत सुटतो आणि मित्र उठून जातो. शिक्षिका आणि मुलगा कागदावर दोन काडीमाणसे काढतात. बोलण्याचे फुगे भरतात. मग डोक्यावरचे विचारांचे फुगे येतात, तेही रंगात: मैत्रीचा हिरवा, रागाचा लाल, दुःखाचा निळा. मुलगा मित्राच्या फुग्यात लिहितो, ‘याला गाड्या आवडतात.’ शिक्षिका शेजारी लिहिते, ‘सुट्टी संपत आली, मला खेळायला जायचे आहे.’ आणि स्वतःच्या फुग्यात मुलगा हिरव्या रंगाने लिहितो, ‘माझ्याकडची सगळ्यात छान गोष्ट मी याला देतोय.’ हा शेवटचा फुगा शिक्षिकेला तोवर ठाऊक नव्हता. जे काम दगडाच्या किंवा खेळण्याच्या चित्राने होत नव्हते, ते या फुग्याने होते, कारण तो दोन्ही डोक्यांतले बाहेर आणतो. 2002 मध्ये हेन्री वेलमन आणि बॅरन-कोहेन यांच्या गटाने विचारफुगे वापरून स्वमग्न मुलांना दुसऱ्याची समजूत ओळखायला शिकवता येते हे दाखवले. मात्र त्या शिक्षणाचे स्वरूप आधारकाठीचे आहे हेही त्यांनी झाकले नाही.

पुराव्याचा प्रश्न मोकळेपणाने घ्यायला हवा. चित्रे दिली तर मूल बोलायचेच नाही, ही पालकांची भीती जुनी आहे आणि माझ्या मते ती पूर्ण समजण्यासारखी आहे. पण राल्फ श्लॉसर आणि ऑलिव्हर वेंड्ट यांनी 2008 मध्ये उपलब्ध अभ्यासांचा जो आढावा घेतला, त्यात चित्रांसारख्या साधनांनी बोलणे अडते असे आढळले नाही. बोलण्यात थोडी वाढच दिसली. तितकेच खरे हेही आहे की ब्रिटनमध्ये पॅट्रिशिया हाउलिन यांच्या गटाने 2007 मध्ये 84 मुलांवर केलेल्या चाचणीत देवघेवीची पद्धत चालू असताना मुलांचे आपणहून संवाद साधणे वाढले, आणि तज्ज्ञांचे येणे थांबल्यावर ती वाढ टिकली नाही. सोशल स्टोरीची 87 शाळांतल्या 249 मुलांवरची अलीकडची ब्रिटिश चाचणीही अशीच: मुलाच्या एकूण सामाजिक प्रतिसादात फरक दिसला नाही, त्या-त्या मुलासाठी ठरवलेले एखादे विशिष्ट उद्दिष्ट साधण्यात थोडी मदत झाल्याची चिन्हे दिसली. या आकड्यांवरून चित्रे निरुपयोगी ठरवणे मला चूक वाटते. चित्राने मूल ‘सामाजिक’ होते असा दावा यातून खोटा ठरतो. हा प्रसंग, हा माणूस, ही अडचण, एवढ्यापुरते चित्र उजेड पाडते, आणि सभोवतालची माणसे ते वापरत राहतील तोवरच पाडते. चाचण्यांतून निष्पन्न झालेली ही मर्यादा माझ्या मांडणीशी जुळतेच.

सर्वांत गंभीर आक्षेप स्वमग्न माणसांनीच घेतला आहे. जिम सिंक्लेअर यांनी 1993 मध्ये पालकांना उद्देशून लिहिलेल्या निबंधापासून तो ऐकू येतो: आमच्या असण्याचा शोक करू नका. ‘डोळ्यांत पाहा’, ‘हात शांत ठेव’ अशी कार्डे लॅमिनेट करून भिंतीवर लावली की मूल हात हलवायचे थांबवते. पण हात हलवून ते जी बेचैनी आवरत होते ती कार्डाने जात नाही. 2012 मध्ये डेमियन मिल्टन या स्वमग्न अभ्यासकाने मुद्दा नेमका केला: स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही म्हणता, तर इतरांनाही त्याचे मन कळत नाही, गैरसमज दुहेरी आहे. हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करते. अशी कार्डे काढून टाकावीत. मात्र त्यासाठी चित्रेच टाकायची गरज नाही, कारण ग्रे यांच्या पट्टीतला तो हिरवा फुगा मिल्टन यांच्याच बाजूने साक्ष देतो.

आपल्याकडे ही साधने उशिरा आली. दिल्लीत मेरी बरुआ यांनी ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ 1991 मध्ये सुरू केली. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचा समावेश झाला, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती स्वतंत्र दिव्यांगता म्हणून आली. मधल्या काळात जी कार्डे वापरली गेली ती बहुतेक परदेशी संचांतली होती. स्टीलच्या ताटात पोळीभाजी खाणाऱ्या मुलापुढे काटाचमच्याचे चित्र ठेवले की त्याला आधी ते चित्रच शिकावे लागते. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या अभिकल्प विभागात तयार झालेले ‘जेलो’ हे मोफत अ‍ॅप त्यामुळेच महत्त्वाचे आहे. त्यात आपल्याकडचे पदार्थ आणि सण चित्रांत आहेत आणि चित्र दाबले की ते मराठीतही बोलते. तरीही त्यातली चित्रे मुख्यतः मुलाला काय हवे ते सांगण्यासाठी आहेत. मराठी शाळेच्या डब्याच्या सुट्टीत, गणपतीतल्या ढोलांच्या दणक्यात, पाहुण्यांनी भरलेल्या घरात कोणाच्या डोक्यावर कोणता फुगा आहे, ते आपल्यालाच काढावे लागेल. म्हणून शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती आहे. एखाद्या स्वमग्न मुलासाठी चित्रपट्टी तयार कराल तेव्हा त्याच्या डोक्यावरचा फुगा त्याच्याकडूनच भरून घ्या, आणि त्याची हरकत नसेल तर तिची एक प्रत वर्गातल्या बाकीच्या मुलांनाही द्या.